बा गेला, रोलो राहिला

"मामा, ही उभी ठेवायची नाही, हलवायची नाही, उजेडात न्यायची नाही आणि तापू द्यायची नाही."

भाच्याने हे बजावलं तेव्हा 2013 चा मे महिना होता, गाव चंद्रपूर होतं, कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं होतं आणि मी डोक्यावर ओला दुपट्टा टाकून बसलो होतो. पारा 46 च्या वर. बाटलीसाठी तो जी व्यवस्था मागत होता ती आमच्या घरात माणसांचीही होत नव्हती.

भाचा इटलीत तुरीनला शिकायला होता. परदेशातून येताना दोन लिटर आणायला मुभा असते, त्यातली पाऊण लिटर त्याने मामासाठी आणली याचं मला फार कौतुक वाटलं. उरलेली सव्वा लिटर कोणासाठी, हे त्याच्या वडिलांसमोर मी विचारलं नाही.

बाटलीचं नाव बारोलो. तुरीनच्या दक्षिणेला आल्बा नावाचं गाव आहे, त्याच्या आसपासच्या टेकड्यांवर नेब्बिओलो नावाची काळी द्राक्षं होतात, त्यांची ही वाइन. 'नेब्बिया' म्हणजे धुकं. द्राक्षं तोडायच्या दिवसांत टेकड्यांवर धुकं उतरतं, त्यावरून नाव पडलं म्हणतात. हिवाळ्यात सकाळी आमच्याकडेही काहीतरी उतरतं, पण त्यात धुकं किती आणि कोळशाचा धूर किती याचा हिशोब लागत नसल्याने आम्ही त्यावरून कशाचं नाव ठेवलेलं नाही.

"ही 2008 ची आहे," भाचा म्हणाला. "बारोलो निदान 38 महिने मुरवल्याशिवाय विकताच येत नाही. त्यातले 18 महिने लाकडी पिंपात. तसा कायदाच आहे."

मुरवायचाही कायदा असतो हे ऐकून बायकोला हसू आवरेना. तिच्या फडताळात 2001 सालचं लिंबाचं लोणचं आहे. काळंकुळकुळीत. ते कोणत्याही कायद्याशिवाय मुरलं आहे, आणि पोट बिघडलं की त्यातली अर्धी फोड चाटवून ती अख्ख्या गल्लीला बरं करते.

"अजून दहा वर्षं ठेवा, मामा. मग बघा."

"आणि तोवर मीच नाही राहिलो तर?"

"मग मामींना द्या."

मामींनी बाटलीकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मी लग्नानंतर दोनदाच पाहिली होती. दोन्ही वेळा माझे मित्र घरी आले होते.

पहिली जागा पलंगाखालची. आडवी, अंधारात, फडक्यात गुंडाळून. 'हलवायची नाही' हे कलम तिथेच मोडलं. चंद्रपूर कोळशावर बसलेलं गाव आहे. उघड्या खाणीत दुपारी सुरुंग उडतात आणि आमच्या घरातल्या कपबशा खुळखुळतात. पाहुणे दचकून उठतात, घरचे घड्याळ लावून घेतात. तिकडे आल्बाच्या तळघरात ती बाटली मुनीसारखी निश्चल पडून राहिली असती. इथे रोज जेवणानंतर तिला एक धक्का मिळू लागला.

मग उष्म्याचं कलम. या वाइनला 12 ते 14 अंश लागतात म्हणे. आमच्या घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे माठाची तिवई. तिवईखाली बाटली ठेवली, वर ओलं पोतं टाकलं आणि रोज सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की पोत्याला घालू लागलो. बायको म्हणाली, "एवढी सेवा सासूबाईंची केली असती तर त्या तरी आशीर्वाद देत्या." पंधरा दिवसांत बाटली थंड राहिली की नाही ते कळलं नाही, पण लेबल सुटलं. सुकवून परत चिकटवलं तोवर डावीकडचा तुकडा मोरीत वाहून गेला होता. 'बारोलो'तला बा गेला, रोलो राहिला. त्या दिवसापासून घरात तिचं नाव रोलो. भाच्याला मात्र मी फोनवर बा जिवंत असल्यासारखंच बोलत राहिलो.

आणि 2015 उजाडलं. चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायका कित्येक वर्षं भांडत होत्या. 2010 च्या डिसेंबरात तर त्या चिमूरहून नागपूरच्या विधानभवनापर्यंत पायी चालत गेल्या. आमची ही त्या मोर्चाच्या बाजूची. 1 एप्रिल 2015 पासून बंदी लागू झाली. तारीख पाहून गावातल्या काही मंडळींनी सरकारला विनोदबुद्धी असल्याचं मानलं, पण 2 एप्रिललाही दुकानं बंदच दिसल्यावर त्यांचे चेहरे उतरले. शेजारचा वर्धा जिल्हा 1975 पासून कोरडा, गडचिरोली 1993 पासून. आता तिसरे आम्ही. आणि माझ्या माठाखाली रोलो.

माझ्यासारख्या भित्र्या माणसाच्या घरी चोरटा माल असणं ही मालाचीच अप्रतिष्ठा आहे. दारावरून पोलिसांची गाडी गेली की मी मोठ्याने हरिपाठ म्हणायला लागायचो. भेटवस्तूबद्दल कायदा नेमकं काय म्हणतो ते एखाद्या वकिलाला विचारता आलं असतं, पण विचारणं म्हणजे कबुलीच. शेवटी एका रात्री ती तांदळाच्या कोठीत, खालपर्यंत हात घालून पुरून ठेवली.

वर्षभराने आईच्या हाताला लागली. आई तेव्हा पंचाहत्तरीची, डोळ्यांना कमी दिसायचं, पण तांदळात काय आहे ते तिच्या बोटांना दिसायचं.

"बाबू, हे कोणतं औषध होय?"

खोटं बोलायची माझी तयारी होती, पण ऐनवेळी तोंडातून खरं निघून गेलं. "द्राक्षासव, आई. इटलीचं."

"मंग लपवून काहून ठेवलं? मले दे ना दोन चमचे जेवल्यावर. समान पाण्यात."

"त्याला अजून मुरायचं आहे."

"मी मुरली तवा देशील काय?"

त्यानंतर सात वर्षं दर महिन्याला आईने द्राक्षासवाची चौकशी केली. बाटली मी तिथून काढून बैठकीतल्या दिवाणाच्या पेटीत, गोधड्यांखाली हलवली.

आता साडभाऊंचं सांगायला हवं. साडभाऊ गडचिरोलीला पोलिसात हवालदार होते. पूर्ण नोकरी दारूबंदीच्या जिल्ह्यात झाली. मोहफुलांचा सडवा शोधून नष्ट करायचा, हे त्यांचं अर्धं आयुष्य. नाल्याच्या काठी पुरलेला, शेणखताच्या ढिगात लपवलेला, झुडपात पाल्याखाली ठेवलेला. स्वतः थेंबाला शिवले नाहीत, पण नाक असं तयार झालं की मडक्यावर वाकून सांगायचे, "हा तिसऱ्या दिवसाचा आहे, उद्या चढवनार होते." फुलं यंदाची की गेल्या साली वाळवलेली, गूळ टाकला की नाही, धार पहिली की दुसरी, हे सगळं वासावर. इटलीत जन्मले असते तर कोट घालून हिंडले असते. इथे त्यांना पावसात गमबूट घालून हिंडावं लागलं.

2017 च्या दिवाळीत ते सहकुटुंब फराळाला आले. वैनगंगेचा पूल, व्याहाड, सावली, मूल, या रस्त्याने ते नेहमी येत. आले आणि थेट दिवाणावर बसले. अनरसा तोंडाजवळ नेता नेता थांबले. नाकपुड्या जराशा हलल्या. माझ्या पायातलं बळ गेलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काई नाई," ते म्हणाले. "ही माझी हद्द नाही." आणि अनरसा खाल्ला. मी समजलो, अनरशाबद्दल बोलत असतील.

सहा वर्षांनी बंदी उठली. 2021 च्या मे महिन्यात मंत्रिमंडळाने ठरवलं, जुलैत दुकानं उघडली. लगेच पुढच्या जानेवारीत सरकारने 1000 चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला आणि वाइन म्हणजे दारू की नव्हे यावर महाराष्ट्रभर खडाजंगी झाली. निर्णय पुढे गुंडाळला गेला. पण त्या वादात आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारच्या बाजूने होतो. आईला तर मी ते 2016 पासूनच सांगत होतो.

शेवटी 2023 चा मे उजाडला. दहा वर्षं भरली. भाचा आता मिलानला नोकरीला. म्हणाला, "उघडा मामा, मी व्हिडिओ कॉलवर असतो, एकेक पायरी सांगतो." मी तीन माणसं बोलावली. शेजारचे, कोळसा खाणीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त झालेले भाऊ. दुसरे आमचे बँकवाले मित्र, ज्यांनी नाशिकच्या एका द्राक्षमळ्यात दोनशे-अडीचशे रुपये भरून पाच घोट चाखले होते आणि तेव्हापासून ते साध्या पाण्याचा ग्लासही देठाला धरल्यासारखा धरतात. आणि साडभाऊ. ते आता निवृत्त, पिणार नव्हते. "वास घ्याले येतो," म्हणाले.

"उघडण्याआधी एक दिवस उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या," भाचा म्हणाला. "आणि 16 ते 18 अंशाला प्या. साधारण खोलीचं तापमान."

"कोणाच्या खोलीचं?" भाऊंनी विचारलं. आमच्या खोलीत तेव्हा 39 होतं, कूलर धरून.

मग फ्रिजमध्ये आमरसाच्या पातेल्याशेजारी तिला उभी केली. रस जड, बाटली हलकी, आणि रात्री पाण्यासाठी फ्रिज उघडणारा प्रत्येक जण तिला खांदा मारून गेला. गाळाला बसायला वेळ मिळाला असेल असं वाटत नाही.

आमच्या गावात बाटली उघडणं म्हणजे टोपण पिरगाळणं, एवढीच विद्या. बूच काढायचं यंत्र कोणाकडेच नव्हतं. बँकवाले म्हणाले, "नाशिकला ती मुलगी अलगद काढायची." ती मुलगी नाशिकला होती. भाऊंनी हत्यारांच्या पेटीतून लाकडात पिळायचा स्क्रू आणि पक्कड आणली. बुचाच्या ओकची साल पोर्तुगालमध्ये नऊ वर्षांतून एकदा काढतात. आम्ही त्या सालीचा नऊ मिनिटांत भुगा केला. अर्धं बूच पकडीत आलं, अर्धं आत पडलं आणि तरंगू लागलं.

"मामा, हळूच दुसऱ्या भांड्यात ओता, म्हणजे तिला श्वास घेता येईल."

मी चहाची गाळणी लावून काचेच्या जगात ओतली. पेले नव्हते, म्हणून आईस्क्रीमच्या काचेच्या वाट्या काढल्या. रंग पाहिला. मला वाटलं गडद लाल असेल, पण होता विटकरी, कडेला तर पावसाळ्यातल्या पाण्याच्या टाकीसारखा तांबूस.

"परफेक्ट!" मिलानहून आवाज आला. "नेब्बिओलो आधीच फिकट असतं, वयानुसार असंच विटकरी होतं. आता वाटी फिरवा."

बँकवाल्यांनी वाटी फिरवली. पण वाटीला देठ नव्हता आणि खोली पुरेशी नव्हती, त्यामुळे पहिला घोट दिवाणाच्या पांढऱ्या चादरीने चाखला. आतून बायकोचा आवाज आला, "काय सांडलं?" "काही नाही!" असं आम्ही चौघे एकदम म्हणालो, त्यावरून तिला सगळं कळलं.

"आता वास घ्या. चांगल्या जुन्या बारोलोला दोन गोष्टींचा वास येतो. डांबर आणि गुलाब."

"डांबर?" भाऊ उखडले. "आपल्या रस्त्यावर टाकलेलं डांबर पयल्या पावसात गायब होते ते इटलीले जाते का बे?"

बँकवाले डोळे मिटून म्हणाले, "गुलाब येतोय. सुकलेला." त्यांना गुलाब येणारच होता. भाच्याने सांगितलं होतं.

"मसाल्यासारखं काही?" भाच्याने विचारलं.

मला खरोखर वेलची आली. सांगितली. भाचा हरखला. वेलची गाळणीची होती, सकाळच्या चहाची, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तोवर त्याने ते लिहून घेतलं होतं.

"तंबाखू?"

"हाव!" भाऊ ओरडले. "तंबाखू येऊन रायला! जोरात!" भाऊंच्या डाव्या गालात अर्धा खर्रा होता. चंद्रपुरात राहणाऱ्या माणसाला काहीही हुंगायला द्या, त्यात तंबाखू सापडतोच.

हसू नका. 2001 साली फ्रान्समधल्या बोर्डोत फ्रेडेरिक ब्रोशे या संशोधकाने वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना पांढरीच वाइन बिनवासाच्या लाल रंगाने रंगवून प्यायला दिली. विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन लाल वाइनचे ठेवणीतले शब्द वापरून केलं. ती पोरं बोर्डोची होती. आमच्या भाऊंचा निदान खर्रा तरी खरा होता.

"आणि शेवटी," भाचा आवाज खाली आणून म्हणाला, "जंगलातल्या जमिनीचा वास. इकडे त्याला खास शब्द आहे. येतोय?"

इतका वेळ गप्प बसलेले साडभाऊ पुढे सरकले. "कोणत्या महिन्यातली जमीन?"

"म्हणजे?"

"अरे, मार्च-एप्रिलात मोहाखालचा पाला जाळते लोक, फूल दिसाले पायजे म्हून. तवा जमिनीले धुराचा वास येते. पावसाळ्यात सागाचा पाला कुजते, टेकोडे निघते, तो वास येगळा. अन् बांबूच्या बेटाखाली तिसराच. तू कोणती इचारतं?"

मिलानमध्ये शांतता पसरली. "बहुतेक... पावसाळ्यातली, मावसाजी."

साडभाऊंनी वाटी घेतली. फिरवली नाही. दोन्ही तळव्यांत धरून जरा कोमट केली, नाक आत घातलं आणि डोळे मिटले. आम्ही श्वास रोखला. असं वाटलं की आता पंचनामा होणार.

"माल मुळात भारी होता," ते म्हणाले. "फूल येते अजून, मागून. पण तापला. एक डाव नाही, दर उन्हाळ्यात तापला. काकवीसारखा वास आहे, मनुक्यासारखा. अन् एका जाग्यावर नाई रायला, तीन-चार ठिकानी फिरवला. मधे तांदळात होता."

मी खाली बसलो.

"अन् भाऊ," डोळे उघडून ते म्हणाले, "2017 च्या दिवाळीत मी हिच्यावरच बसलो होतो ना?"

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, कुठे ठेवली होती तुम्ही?" मी सांगितलं. पलंग, सुरुंग, माठ, पोतं, कोठी, दिवाण. बा गेल्याचंही सांगून टाकलं. त्याने सुस्कारा सोडला. "तापलेली वाइन अशीच होते. मडेरा नावाचं पोर्तुगीजांचं बेट आहे, तिथे मुद्दाम तापवतात. पूर्वी पिंपं जहाजात घालून उष्ण समुद्रांतून फिरवून आणायचे."

"म्हणजे वाया गेली?"

"वाया नाही... दुसरी झाली."

"इटलीची पोरगी दहा वर्षं चंद्रपुरात राहून पोर्तुगीज झाली," भाऊंनी निकाल दिला आणि वाटी पुढे केली. "होऊ दे. टाक अजून."

बँकवाल्यांना हे निदान मान्य नव्हतं. गुलाब आहेच, म्हणाले, फक्त साडभाऊंना तो कळत नाही, कारण ते नाशिकला गेलेले नाहीत. खरं सांगायचं तर मलाही घोट घेतल्यावर जीभ टाळूला चिकटल्यासारखी झाली, कच्च्या टेंभरासारखी, आणि एवढी वर्षं याच्यासाठी हरिपाठ म्हटला का, असं वाटलं. पण तोंडाने मी "वा" म्हणालो. दुसऱ्या घोटाला ते "वा" थोडं खरं झालं. तिसऱ्याला तर मलाही सुकलेला गुलाब आला, आणि चौथ्याला साक्षात डांबर.

तेवढ्यात आई काठी टेकत बाहेर आली. ब्याऐंशीची.

"मुरलं का रे बाबू?"

आता नाही कसं म्हणणार? बायकोने चमचा आणला, स्वतः मोजून दोन चमचे रोलो आणि दोन चमचे पाणी वाटीत घातलं. भाच्याने मिलानहून "आजी, पाणी नको!" असा आक्रोश केला. आईने औषध घेतल्यासारखं एका दमात घेतलं आणि तोंडात घोळवत बसली. कोणी शिकवलं नव्हतं, पण नाशिकच्या मुलीने बँकवाल्यांना दाखवलं होतं अगदी तस्संच घोळवलं. मग गिळलं.

"द्राक्षं बरी होती," ती म्हणाली. "धायटीची फुलं कमी पडली."

साडभाऊंनी मान डोलावली. "हाव मावशी. मी तेच म्हणून रायलो होतो."

फोनवर भाचा विचारत होता, "मामा, धायटी कशी लिहायची?"